राउटर, कूलर आणि विलंबित ख्याल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उच्च दर्जाच्या संगीतश्रवणासाठी घरातील नेटवर्क कसे असावे, या विषयावर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्राने हाती घेतला याचे समाधान वाटले. कारण घरी बसून गाणे ऐकणारा आमच्या वयाचा रसिक आता सीडीच्या दुकानाऐवजी मोबाइल आणि वायफाय यांच्या भरवशावर आला आहे, आणि त्याला या यंत्रणेची नीट माहिती देणारे कोणी भेटत नाही. परंतु त्या लेखातील दोन विधाने वाचकांना विनाकारण खर्चात पाडणारी आहेत. उत्तम दर्जाच्या संगीतासाठी सेकंदाला किमान ३०० मेगाबिट गतीची इंटरनेट जोडणी हवी, हे पहिले. आणि ‘ऑडिओसाठी खास बनवलेला’ महागडा नेटवर्क स्विच (अनेक यंत्रांच्या नेटवर्क केबली एकत्र जोडणारी पेटी) व तशीच केबल वापरल्यास आवाज मोकळा आणि रुंद होतो, हे दुसरे. दूरध्वनीच्या केबली जोडण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षे बाळीवेस भागातील आमच्या जुन्या घरात गाणे न तुटता कसे ऐकता येईल, या एकाच उद्योगात गेली. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

प्रथम हिशेब पाहू. सीडीवरील संगीतात दर सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे, म्हणजे नमुने, असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात. या तिन्हींचा गुणाकार सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे सुमारे १.४ मेगाबिट इतका येतो. २००१ पासून वापरात असलेल्या फ्लॅक या पद्धतीने मूळ ध्वनीतील काहीही न गाळता हीच माहिती साधारणपणे निम्म्या ते दोनतृतीयांश जागेत बसते. सेवांवर मिळणारे सर्वांत भारी ध्वनिमुद्रण बहुधा २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झचे असते. ते न दाबता पाठवले तरी सेकंदाला ९२ लाख १६ हजार बिट, म्हणजे ९.२ मेगाबिट लागतात. केंद्राच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट केली. ज्या जोडणीला कायद्याने जेमतेम ब्रॉडबँड म्हणता येईल, तिच्यातूनही सीडीच्या दर्जाचे गाणे जाऊ शकते. घरात तीन-चार माणसे एकाच वेळी चित्रपट, अभ्यासाचे वर्ग आणि खेळ चालवत असतील, तर ५० किंवा १०० मेगाबिटची योजना घेणे शहाणपणाचे आहे. मात्र तो खर्च कुटुंबाचा आहे, गाण्याचा नव्हे. ३०० हा आकडा कोठून आला, हे लेखकमहाशयांनी सांगितलेले नाही.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे, कारण त्यात वाचकांचे हजारो रुपये अडकतात. सोलापूरकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या चादरीवरील नक्षी ज्या जकार्डवर विणली जाते, ते डोळ्यांसमोर आणले तरी पुरे. जकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात आणि भोक आहे की नाही, एवढ्यावर कोणता धागा उचलायचा ते ठरते. पट्ट्या ज्या दोरीने ओवल्या ती सुती असो वा रेशमी, भोक जागेवर असेल तर मोर जसा हवा तसाच उमटतो, आणि चुकलेच तर मोराची चोच तुटते. दोरी रेशमी आहे म्हणून मोराचा निळा रंग अधिक गडद झाला, असे कोणताही विणकर म्हणणार नाही. केबलमधून जाणारी संगीताची माहिती याच जातीची आहे. तिच्या प्रत्येक तुकड्याबरोबर ३२ बिटांची एक पडताळणी जाते; ती न जुळल्यास पलीकडचे यंत्र तो तुकडा टाकून देते, आणि संगीताच्या बहुतेक सेवा ज्या पद्धतीने चालतात तिच्यात तो पुन्हा मागवला जातो. त्यामुळे बिघडलेल्या नेटवर्कवर गाणे थांबते, अडखळते, कधी सुरूच होत नाही; पण तंबोऱ्याची जवारी बोथट झाली आणि बाकी सारे सुरळीत राहिले, असे त्यामुळे घडत नाही.

यावर असे सांगितले जाते की, माहिती तीच असली तरी ती पोहोचण्याच्या वेळेत बारीक चढउतार असतात आणि कान ते टिपतो. वेळेचा चढउतार असतो, हे खरे आहे. परंतु आलेली माहिती थेट ध्वनीत रूपांतरित होत नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. ते आधी जमिनीतल्या हौदात पडते, तेथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत जाते, आणि न्हाणीघरातील नळाची धार टाकीच्या उंचीवर ठरते. पहाटे पाणी जोरात आले की करंगळीएवढ्या धारेने आले, याचा त्या नळाला पत्ता नसतो. संगीत वाजवणाऱ्या यंत्रातही काही सेकंदांचे संगीत साठवणारी अशीच टाकी असते, आणि त्या टाकीतून नमुने बाहेर काढण्याचा ठेका त्या यंत्रातील स्वतःचे क्वार्ट्झचे घड्याळ धरते. स्विचच्या घड्याळाचा त्या ठेक्याशी संबंध येत नाही. टाकी रिकामी झाली तर गाणे थांबेल, एवढेच.

आता गाणे थांबते का, या खऱ्या प्रश्नाकडे येतो. येथे लेखात दोन ओळीही नाहीत, आणि माझी मात्र दोन वर्षे यात गेली.

आमचे घर जुने आहे. भिंती काळ्या दगडाच्या, सुमारे दोन फूट जाडीच्या आहेत. फायबरची जोडणी रस्त्याकडच्या खोलीत येते, आणि गाणे ऐकण्याची खोली चौकापलीकडे मागच्या बाजूला आहे. हिवाळ्यात सर्व ठीक चाले. होळी झाली की विलंबित ख्याल मध्येच तुटू लागे. चित्रपटगीत क्षणभर थांबले तर माणूस चरफडतो आणि विसरतो. विलंबित एकतालात एकेका आवर्तनाला मिनिटभर लागते. गायक मुखडा उचलून समेकडे निघाला आहे, आपण श्वास रोखून बसलो आहोत, आणि सम येण्याऐवजी पडद्यावर एक गोल चकती फिरते आहे, या प्रसंगात मी जे शब्द वापरले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. मी सेवा पुरवठादाराशी भांडलो. योजना ५० मेगाबिटवरून २०० वर नेली. त्यांचा माणूस तीनदा घरी आला, मोबाइलवर गती मोजून दाखवली आणि गेला. गती बरोबरच होती, कारण तो राउटरशेजारी उभा राहून मोजत होता.

कारण शेवटी माझ्या भाच्याने शोधले, तेही नेटवर्कचे काही न पाहता. त्याने एवढेच विचारले की, होळीच्या सुमारास घरात काय बदलते. बदलत होता कूलर. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. मार्च लागला की आम्ही माळ्यावरचा पत्र्याचा मोठा कूलर काढून मधल्या खोलीच्या खिडकीत बसवतो, आणि ती खिडकी नेमकी राउटर व मागची खोली यांच्या मधल्या वाटेवर येते. दगडी भिंतींमुळे वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची मागच्या खोलीत पोहोचतच नव्हती, आणि २.४ गिगाहर्ट्झची जी लहर त्या खिडकीतून वाट काढत होती, तिच्यापुढे आम्ही पत्र्याची पेटी आणि तिच्यात पन्नास लिटर पाणी आणून ठेवले होते. पत्रा या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषते. उरलेला क्षीण संकेत शेजाऱ्यांच्या राउटरांशी झगडत होता, कारण २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल असले तरी एकमेकांवर न चढणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच धरले जातात, आणि दाट वस्तीत त्या तिघांवर सारी आळी बसलेली असते. त्यात आमच्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. संध्याकाळी सातच्या सुमारास दूध तापवताना गाणे का तुटते, याचाही उलगडा तेव्हाच झाला.

उपाय साधा निघाला. राउटर पोलादी कपाटावरून उतरवून भिंतीवर मोकळ्या जागी लावला, त्याने थोडा फरक पडला. मधल्या खोलीत संकेत पुढे ढकलणारे एक स्वस्त यंत्र लावून पाहिले. ते ऐकणे आणि बोलणे दोन्ही एकाच लहरीवर करते, त्यामुळे गती निम्म्यावर आली आणि तुटणे तसेच राहिले. अखेर चौकाच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून २२ मीटर कॅट-६ या प्रकारची नेटवर्क केबल ओढली आणि वाजवणारे यंत्र थेट राउटरला जोडले. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. केबल, पट्टी आणि टोकांचे प्लग मिळून दीड हजार रुपयेही लागले नाहीत. त्यानंतरच्या चार उन्हाळ्यांत कूलर त्याच खिडकीत आहे आणि सम चुकलेली नाही.

केबल घेताना मात्र एक खबरदारी घ्यावी, आणि हे मी जोडारी म्हणून सांगतो. बाजारात कॅट-६ चे छापील नाव असलेल्या पुष्कळ केबली आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा मुलामा असतो. त्या हलक्या असतात, दोन-चारदा वाकवल्या की आतल्या आत तुटतात. दुकानातच एका तारेचे टोक पात्याने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर केबल परत करावी. दुकानदार रागावतो, पण बदलून देतो.

एवढ्यावर हे पत्र संपले असते, आणि महागड्या केबली म्हणजे शुद्ध थोतांड, असे लिहून मी मोकळा झालो असतो. परंतु प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे, कारण माझ्या घरात केबलमुळे आवाज बदलला होता. तो बिघडला होता.

साधी केबल टाकण्याच्या आधी, भांडणांच्या त्या काळात, मी पुण्यातील एका दुकानातून दोन मीटर लांबीच्या, चांदीसारख्या चकाकत्या धातूचे प्लग आणि आत जाळीचे आवरण असलेल्या दोन केबली अकरा हजार रुपयांना आणल्या होत्या. विक्रेत्याने आवाजाची पार्श्वभूमी ‘काळीभोर’ होईल, असे आश्वासन दिले होते. पुढे मागच्या खोलीत केबल पोहोचल्यावर तेथे एक लहान स्विच ठेवला, आणि जुन्या सीडी उतरवून ठेवलेला संगणक व वाजवणारे यंत्र या दोन केबलींनी त्याला जोडले. पहिल्याच दिवशी पत्नीने, जी हार्मोनियम शिकवते आणि जिच्या कानांची मला धास्ती आहे, विचारले, “अहो, पंचम उतरलेला तंबोरा कुठे वाजतोय?” मला काही ऐकू येत नव्हते. गाणे थांबवल्यावर स्पीकरला कान लावला, तेव्हा बारीक घुमारा ऐकू आला. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि अशा घुमाऱ्यात तिच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा स्वर ठळक असतो. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्याच्या षड्जाशी तो ताडून पाहिला तर मंद्रातील तीव्र मध्यमाच्या थोडा वर आणि पंचमाच्या बराच खाली पडतो. पत्नीचे निदान अचूक होते.

कारण माहितीत नव्हते, धातूत होते. नेटवर्कच्या प्रत्येक खाचेमागे लहान ट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यांनी १५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवावा, असा मानकाचा दंडक आहे. त्यामुळे साध्या, प्लास्टिक प्लगच्या केबलने दोन यंत्रे जोडली तरी त्यांच्यात विजेचा थेट मार्ग तयार होत नाही. जाळीचे आवरण आणि धातूचे प्लग असलेली केबल या ट्रान्सफॉर्मरांना वळसा घालून एका यंत्राचे धातूचे अंग दुसऱ्याच्या अंगाला जोडते. आमचा संगणक ज्या बोर्डला लावला होता, त्याची तिसरी पिन नावालाच होती. आतली हिरवी तार कोठेही पोहोचत नव्हती. अशा वेळी संगणकाच्या पेटीवर त्याच्याच गाळणीतील कपॅसिटरांमधून थोडी वीज येऊन बसते, हात लावला की मुंग्या येतात ती हीच. तिला जमिनीकडे जाण्याची वाट नव्हती. अकरा हजारांच्या केबलने ती अॅम्प्लिफायरमधून करून दिली. दोन्ही केबली काढून तेथे दीडशे रुपयांच्या साध्या केबली लावल्या आणि पत्नीचा तंबोरा गप्प झाला.

नंतर अर्थिंग तपासून घेतले. परसातल्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून किती वर्षे झाली, हे कोणाला आठवत नव्हते. उन्हाळ्यात हा खड्डा कोरडा पडला की अर्थिंगचा गुण उतरतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे, असा जुना प्रघात आहे; परंतु जेथे माणसांच्या पाण्याचे वार मोजले जातात, तेथे खड्ड्याला बादलीभर पाणी घालायला कोणाचा हात धजावेल? आम्ही आता कूलर धुतलेले पाणी त्यात सोडतो. हे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. हा विषय गाण्यापेक्षा जिवाचा अधिक आहे. ज्यांच्याकडे चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर आहे, त्यांना वीज गेल्यावर ऐकू येणारी भुणभुणही नेटवर्कची नसते, हे जाता जाता नमूद करतो.

आवाजाचा दर्जा खरोखर उतरतो अशी आणखी एक जागा आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. अनेक सेवांची ॲप जोडणी क्षीण दिसताच न विचारता हलक्या दर्जाचे गाणे पाठवू लागतात, आणि पूर्ण दर्जाचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः निवडावा लागतो. ॲपल म्युझिकने २०२१ पासून जादा शुल्क न घेता पूर्ण दर्जा दिला आहे, परंतु तेच गाणे मोबाइलवरून ब्लूटूथने स्पीकरला पाठवले की ते पुन्हा दाबले जाते आणि सीडीचा दर्जा उरत नाही. माझ्या परिचयातील दोन सद्गृहस्थांनी हजारो रुपयांच्या केबली घेतल्या आहेत आणि दोघेही गाणे ब्लूटूथने ऐकतात.

आपणास दोन विनंत्या आहेत. पहिली, अशा उपकरणांवरील लेखाखाली ते उपकरण लेखकाने विकत घेतले, उसने आणले की विक्रेत्याकडून भेट मिळाले, हे एका ओळीत छापावे. आणि आवाजात फरक पडल्याचे लिहिताना कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते की नाही, तेही सांगावे. आम्ही घरी भाच्याला पडद्यामागे बसवून, नाणे उडवून तो ठरवील ती केबल लावायची, असा प्रयोग केला होता. घुमारा असलेली केबल पत्नीने दर वेळी ओळखली. महागडा स्विच आणि साधा स्विच यांतील फरक मात्र तिला, मला किंवा चहाला आलेल्या दोघा तबलजींना ओळखता आला नाही. लेखकमहाशय सोलापूरला आल्यास हा प्रयोग त्यांच्याच स्विचवर करण्याची आमची तयारी आहे.

दुसरी विनंती आपल्यामार्फत घरे बांधणाऱ्यांना आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत रोज नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांतील अनेक सदनिकांत टीव्हीची आणि विजेची नळी भिंतीतून नेलेली असते, परंतु फायबर जेथे घरात शिरते तेथून बैठकीच्या खोलीपर्यंत नेटवर्कची रिकामी नळी ठेवलेली नसते. गिलावा होण्यापूर्वी एक इंची नळी टाकायला काही शे रुपये लागतात. नंतर तीच भिंत फोडायची म्हटली की गवंडी, रंगारी आणि सोसायटीची परवानगी असे तिघे आडवे येतात. ती नळी विजेच्या नळीपासून वेगळी आणि थोड्या अंतराने न्यावी, व तिच्यात एक दोरी ओवून ठेवावी, म्हणजे पुढे केबल ओढणाऱ्याचा तासाभराचा त्रास वाचेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त दूरध्वनी केबल जोडारी)
बाळीवेस, सोलापूर